कवळी आणि चौथी सिंफनी

"आता तोंड मिटू नका. आणि ऐका," कवळीवाले म्हणाले.

हॉर्नवाल्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच. हिरडीचं माप घेण्यासाठी त्याच्या तोंडात गुलाबी लगद्यानं भरलेला साचा बसवला होता. लगदा घट्ट होईपर्यंत त्याला मान मागे टाकून पडून राहायचं होतं.

"तुमच्या वाद्यवृंदानं एक सिंफनी वाजवायची आहे. चौथी. लाटव्हियाच्या एका संगीतकाराची. आजवर कुठेच वाजलेली नाही. तुमच्या मास्तरांच्या कानावर घाला."

"ग्ग्," हॉर्नवाला म्हणाला.

"हो म्हणालात असं धरतो."

पडद्यापलीकडून बायकोचा आवाज आला, "अहो, गुदमरतोय तो माणूस! आधी साचा काढा, लाटव्हिया नंतर!"

कवळीवाल्यांचं घर आणि कारखाना यांच्यात तेवढा एकच पडदा होता. अलीकडे मेण, प्लास्टर आणि दातांचे डबे, पलीकडे संसार. आणि संसाराच्या अर्ध्या भिंतीवर लाटव्हियावाल्याच्या तबकड्या आणि पत्रं. त्याचं असं झालं होतं, की लग्नानंतर थोड्याच दिवसांत कवळीवाल्यांनी एक जुना रेकॉर्ड प्लेअर विकत आणला आणि त्याच्यावर एक तबकडी तशीच राहिलेली निघाली. दुसरी सिंफनी. पहिल्यांदा ऐकताना त्यांच्या हातातली अर्धी घासलेली कवळी हातातच राहिली. कुणीतरी थंडीत खूप लांबून घरी येतंय आणि घरात दिवा आहे की नाही हे त्याला ठाऊक नाही, असं काहीतरी त्या सुरांत होतं. ते काय, हे त्यांना कधीच धड सांगता आलं नाही. बायकोला सांगायला गेले तेव्हा ती म्हणाली, "मग त्याला म्हणावं, पाय पुसून आत ये."

तेव्हापासून शोध सुरू झाला. हा संगीतकार कुणाला माहीत नव्हता. दुकानदार आधी लाटव्हिया कुठे आहे ते विचारत आणि मग तिसऱ्याच देशाची तबकडी काढून देत. एकदा महिनोन् महिने वाट पाहून परदेशातून पार्सल आलं, तर आत लाटव्हियातल्या पाणपक्ष्यांचे आवाज. कवळीवाले दोन दिवस जेवले नाहीत. बायकोला मात्र ती तबकडी फार आवडली. भांडी घासताना ती तीच लावायची. पाचवी सिंफनी आली ती दोन तुकडे होऊन. ती त्यांनी कवळी जोडायच्या डिंकानं जोडली. ती प्रत्येक फेऱ्याला 'टक्' करायची. पुढे तिची धड प्रत मिळाली, तर त्यांना त्यात काहीतरी कमी आहे असं वाटायला लागलं.

"सवत आणली असतीत तर निदान भांडता तरी आलं असतं," बायको म्हणायची. "या मेलेल्या माणसाशी मी काय भांडू?"

पहिली मिळाली, तिसरी मिळाली. चौथी मिळेना. तिचं ध्वनिमुद्रण नव्हतंच. स्वरलिपीही कधी छापली गेली नव्हती. शेवटी तिकडच्या एका ग्रंथालयानं कळवलं, की संगीतकाराची मुलगी हयात आहे, वृद्धाश्रमात असते, तिच्याकडे हस्तलिखित आहे. खाली फोन नंबर होता.

पहिला फोन करण्यापूर्वी कवळीवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

"फोनवर शर्ट दिसतो का?" बायकोनं विचारलं.

"आपल्याला तरी कळतं ना."

म्हातारीचं इंग्रजी मोडकं होतं आणि यांचंही. पण दोघांचं मोडण्याचं ठिकाण वेगवेगळं होतं, त्यामुळे जमलं. तिनं सांगितलं, चौथीच्या तालमी सुरू असतानाच देशातली राजवट बदलली आणि ती बासनात गेली, ती कायमची. लहानपणी दाराबाहेर बसून तिनं वडलांना त्यातले तुकडे पियानोवर वाजवताना ऐकलं होतं. अख्खी चौथी तिनंही ऐकली नव्हती. "मी आता खूप म्हातारी," ती म्हणाली. "तुम्ही घ्या कागद. पण वाजवायचं. कपाटात ठेवायचं नाही. कपाट माझ्याकडे पण आहे."

कागदांचं गाठोडं आलं. कवळीवाल्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

आणि नेमका त्याच सुमारास हॉर्नवाला आला. गावातल्या हौशी वाद्यवृंदात तो सगळ्यात जुना. नोकरी डाकघरात. दात गेल्यापासून वरचा सूर लावला की त्याची कवळी सुटायची. मागच्या कार्यक्रमात ती हॉर्नमध्येच जाऊन बसली होती.

वाद्यवृंदाचे मास्तर पाणीपुरवठा खात्यात होते. त्यांनी गाठोडं चाळलं आणि डोक्याला हात लावला. "अहो, यात सगळ्यांचं एकत्र लिहिलंय. प्रत्येक वादकाला आपापला कागद वेगळा लागतो. हे उतरवून कोण काढणार? आणि आमचा हॉर्नवाला तर बोळका आहे."

"हॉर्नवाल्याचं माझ्याकडे लागलं. कागदांचंही."

"तुम्हाला स्वरलिपी येते?"

"चित्र तर काढता येतं."

चित्रासारखीच त्यांनी ती उतरवली. बायको रेघा मारून द्यायची. "पाच रेघा, पुन्हा पाच रेघा. माझ्या बापानं यासाठी शिकवलं मला?" असं म्हणत ती एकही रेघ वाकडी जाऊ देत नसे. बासरीच्या कागदावर तिच्या हातून शाईचा एक थेंब पडला, तर तालमीत बासरीवालीनं तोही वाजवला. "वा! हा सूर काय जागेवर ठेवलाय!" मास्तर म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तोंडं गच्च मिटून घेतली.

कवळी तीनदा बदलावी लागली. शेवटी हॉर्न घेऊनच हॉर्नवाल्याला खुर्चीत बसवलं. तो फुंकायचा, कवळीवाले कानशीनं किंचित घासायचे, तो पुन्हा फुंकायचा. शेजाऱ्यांनी येऊन विचारलं, कुणाला फार दुखतंय का.

कार्यक्रम रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात ठरला. म्हातारीला प्रवास शक्यच नव्हता. तिला फोनवरून ऐकवायचं असं ठरलं, पण फोन धरणार कोण? कवळीवाल्यांच्या हातून सकाळपासून दोन कप फुटले होते.

"द्या इकडे," बायको म्हणाली. "तुम्ही पाडाल."

ती पहिल्या रांगेत बसली आणि तिनं फोन वर धरला. श्रोते म्हणजे बहुतेक वादकांचे नातेवाईक. सुरुवातीला चेलो कुजबुजले, मग व्हायोलिनं आली. हॉर्नवाल्याची जागा जवळ आली तसे कवळीवाल्यांनी डोळे मिटले. सूर लागला, वर चढला, वरच थांबला. काहीही सुटलं नाही.

पण खरं सांगायचं तर चौथी सिंफनी दुसरीइतकी चांगली नव्हती. तिसऱ्या भागात ती फार रेंगाळली, मागे एक मूल "संपलं का?" म्हणून विचारत राहिलं. कवळीवाल्यांना ते कळत होतं. त्यांना वाईटही वाटलं. तरी एकही सूर सुटू नये म्हणून ते पुढे वाकून ऐकत राहिले, घरच्या माणसाचं बोलणं ऐकावं तसे. बायकोनं हात बदलला, पुन्हा बदलला, मग एका हाताला दुसऱ्या हाताचा आधार दिला. फोन खाली आला नाही.

टाळ्या झाल्या. मास्तर घाम पुसत खाली आले. "मध्ये जरा पाणी आहे हो."

"आहे," कवळीवाले म्हणाले. "पण वाजली."

त्यांनी फोन घेतला. "हॅलो? ऐकू आलं?"

पलीकडून एक लांब श्वास आला. मग म्हातारी बोलायला लागली. इंग्रजीत नव्हे, तिच्या भाषेत, भराभर, मध्येच थांबत. कवळीवाल्यांनी दोनदा इंग्रजीत विचारलं, काय म्हणालात? ती बोलतच राहिली. ते गोंधळून बायकोकडे बघायला लागले.

"आणा," बायकोनं फोन काढून घेतला आणि कानाला लावला. "हं," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "हं. हो ना."

"अगं, तुला काय कळतंय त्यातलं?"

तिनं हातानंच त्यांना गप्प बसवलं.

वादक वाद्यं पेटीत घालून निघून गेले. शिपाई खुर्च्या उचलून एकावर एक रचायला लागला. पहिल्या रांगेपाशी आला, तिच्याकडे बघून थांबला आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या आवाज न करता उचलून नेल्या. रिकाम्या सभागृहात ती एकटीच बसून राहिली, फोन कानाशी धरून, मधूनमधून मान डोलावत.

"हं," ती म्हणत होती. "बोला तुम्ही. मी आहे."