दात्याचा फलक

आमची शाळा गल्लीतल्या आयांनी उभी केली. खोल्या दोन, शिकवणाऱ्या बाई दोन, आणि फुकट राबणाऱ्या आम्ही. मी शिवणकाम करते. दुपारी मशीन बंद करून तिथल्या मुलींना कापड बेतायला शिकवते. आम्हाला मदत करायला मात्र अख्खं शहर टपलेलं. सारखी कुठल्या ना कुठल्या कंपनीची माणसं एकसारखे टी-शर्ट घालून येतात आणि पुढची भिंत रंगवतात. दर वेळी तीच भिंत. आधीच्यांच्या फुलपाखरांवर नंतरचे सूर्य काढतात, फोटो घेतात आणि समाजाचं ऋण फेडल्याच्या थाटात हॉटेलात जेवायला जातात.

आम्हाला हवं होतं एक दार. मुलींच्या संडासाला. जुनं कुजून पडलं तेव्हा मी पडदा शिवून लावला, पण वारा आला की तो उडायचा. एकीने आत जायचं, दोघींनी बाहेरून पडदा धरायचा. माझी भाची सातवीत. ती घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. एकदा भर वर्गात चक्कर येऊन पडली, तेव्हा माझा भाऊ गरजला, "ताई, या महिन्यात दार लागलं नाही तर पोरगी घरी बसणार!"

बोलण्यात वाघ. शाळेला त्याने कधी एक खिळा आणून दिला नव्हता.

मी शाळेच्या अध्यक्षांना गाठलं. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांची हयात गेली. ते म्हणाले, "अहो, देणगीदारांपुढे संडासाचा विषय कसा काढायचा? बरं दिसतं का ते?"

"पडदा उडाल्यावर बरं दिसतं का?" मी म्हटलं. ते चष्मा पुसत बसले.

मग फरशीचा कारखानदार आला. त्याने ऑफिसातली दोन जुनी कपाटं दिली. त्यांच्या किल्ल्या हरवलेल्या. धर्माची गाय आणि दात का गं नाही, म्हणत आम्ही ती ठेवून घेतली. कपाटांसोबत एक फलकही आला. माणसापेक्षा उंच, जाड लाकडाचा, त्यावर पितळी अक्षरांत त्याचं नाव.

"फलक मुलांच्या रोज नजरेस पडला पाहिजे," तो मला बजावून म्हणाला. "रोज!"

अध्यक्षांनी तो पुढच्या भिंतीवर ठोकून घेतला आणि गावाला गेले. नाकापेक्षा मोती जड. रंगाच्या थरांखाली गिलावा कधीच सुटला होता, हे एकाही रंगवणाऱ्याला दिसलं नव्हतं. शाळा सुटल्यावर फलक धाडकन खाली आला, सोबत सगळे सूर्य आणि फुलपाखरं घेऊन. नशीब, खाली कुणी नव्हतं.

मी फलकाकडे पाहिलं. मग टेप घेऊन त्याचं माप घेतलं. गल्लीतल्या सुताराला बोलावलं. त्याने फलक खालून थोडा कापला, न उघडणाऱ्या कपाटांच्या बिजागऱ्या काढल्या आणि विचारलं, "अक्षरं आत घेऊ की बाहेर?"

"बाहेर," मी म्हटलं. "रोज नजरेस पडली पाहिजेत."

कारखानदार परत आला तो पाहुणे आणि फोटोग्राफर घेऊनच. गावाहून परतलेले अध्यक्ष गिलावा पडलेली भिंत पाठीने झाकत उभे राहिले. भाऊही आला होता, दाराची खात्री करायला. कारखानदाराने विचारलं, "फलक कुठाय?"

मी सगळ्यांना सरळ मागच्या अंगणात संडासाकडे नेलं. स्वतःचं नाव त्याने वाचलं. पाहुण्यांनीही वाचलं. एकजण खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून हसला.

"काढा हे! आत्ताच्या आत्ता!" कारखानदाराने फळीला हात घातला.

आतून भाचीचा आवाज आला, "थांबा, मी आहे आत!"

अध्यक्ष लगबगीने म्हणाले, "बाळ, जरा लवकर ये हं बाहेर. साहेब खोळंबलेत."

तेवढ्यात माझा तो आयतोबा भाऊ पुढे झाला. त्याने कारखानदाराचा हात फळीवरून काढला आणि म्हणाला, "पोरगी आहे आत. खोळंबू देत." आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटला.

सगळे उभे राहिले. कडी निघाली. भाची सावकाश बाहेर आली, कोणाकडेही न बघता नळाशी गेली. तिने हात धुतले, शेजारच्या माठातून पेला भरला आणि घटाघटा पाणी प्यायली. मग अजून एक भरला.