कपाटात टांगलेली बॅग

मी एक जुना ताणकाटा आहे. मित्रांनो, विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही माझे चित्र पाहिले असेल. वर कडी, खाली हूक, पोटात स्प्रिंग आणि छातीवर आकड्यांची पितळी पट्टी. चित्रात मी मोठा ऐटबाज दिसतो. प्रत्यक्षात माझी पट्टी काळवंडली आहे आणि मधले काही आकडे अंगठ्याने पुसून पुसून दिसेनासे झाले आहेत. पण माझ्या स्प्रिंगला कोणी नावे ठेवलेली मात्र मी खपवून घेत नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथला तपासनीस प्रत्येक काट्याला वजन अडकवायचा, काढून घ्यायचा आणि सुई शून्यावर आली का ते निरखायचा. भार दाखवणे हे काट्याचे निम्मेच काम, असे तो म्हणायचा. भार निघाला की आपल्या जागी परत येणे, हे उरलेले निम्मे. ज्यांना परत येता आले नाही, ते माझ्या डोळ्यांदेखत भंगाराच्या पेटीत गेले.

मी गेलो रद्दीच्या दुकानात. दुकान नवराबायकोचे होते. मालक गठ्ठे बांधत आणि बाई मला वर धरून वजन करत. बाईंचा हात दणकट आणि तोंड त्याहून दणकट. गिऱ्हाईक कुरकुरले की त्या मला त्याच्याच हातात देत आणि म्हणत, "घ्या, तुम्हीच बघा." एक संशयी गृहस्थ तर घरून साखरेची बंद पिशवी आणून माझी परीक्षा घेत. दर वेळी मी पास होई आणि ते हिरमुसून घरी जात. ते माझ्या मानाचे दिवस होते.

मग दुकानात लाल आकडे दाखवणारे विजेचे यंत्र आले. मला दाराआडच्या खिळ्यावर टांगण्यात आले. माझ्या हुकाला जुनी कॅलेंडरे अडकवली जाऊ लागली. मित्रांनो, ज्याने उभ्या वस्तीची रद्दी पेलली, त्याच्या नशिबी कॅलेंडरे यावीत! पण बोलून सांगणार कोणाला?

माझे नशीब उघडले ते बाईंच्या लेकीमुळे. ती परदेशात राहायची. तिचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपणाला बाई निघाल्या होत्या. विमानात बॅगेचे वजन ठरलेले असते. मालकांनी बॅग त्या दिमाखदार यंत्रावर ठेवली, तर लाल आकडेच बॅगेखाली झाकले गेले. मालकांनी पोटावर पडून, वाकून, आरसा धरून सगळे प्रकार केले. शेवटी बाईंनी कॅलेंडरे झटकून मला खाली काढले. परत येतानाही लागेल म्हणून मला बॅगेतच टाकले. असा मी म्हातारपणी परदेशी गेलो.

तिथले घर चौथ्या मजल्यावर होते. दोन खोल्या, जाड काचांच्या खिडक्या आणि खाली कपडे धुऊन देणारे दुकान. लेकीला मुलगी झाली. सगळे तिला चिमी म्हणत. बाई तिला मऊ सुती साडीच्या झोळीत घालून माझ्या हुकाला अडकवत आणि दोन्ही हातांनी मला जपून वर उचलत. आयुष्यभर मी वर्तमानपत्रे तोलली होती. जिवंत, लाथा झाडणारे वजन मला नवे होते. सुई एका जागी राहायला तयार नसे, पण मला त्याचा राग आला नाही.

बाईंनी सगळे मनापासून केले. तेल लावणे, अंघोळ घालणे, लेकीला गरम खाऊ घालणे. पण महिने सरत गेले तशा त्या कोमेजल्या. खाली उतरले तर भाषा कळेना. शेजारीण हसायची, बाईही हसायच्या, आणि संभाषण तिथेच संपायचे. दिवसभर कोणाशी भांडण नाही, घासाघीस नाही. फोनवर मालकांनी विचारले की त्या म्हणत, "छान आहे हो इथे." मालकही म्हणत, "माझंही मजेत चाललंय." दोघेही वजनात मारत होते, हे मला इतक्या लांबून कळत होते.

परतीच्या तारखेला काही आठवडे असतानाच बाईंनी बॅग भरायला घेतली. रोज दुपारी चिमी झोपली की त्या खाटेखालून बॅग ओढत, एखादी वस्तू आत ठेवत आणि मला लावून वजन बघत. त्या वेळी त्यांचा चेहरा दुकानातल्यासारखा खुलायचा.

आणि एका रविवारी जेवताना लेकीने विचारले, "आई, अजून तीन महिने राहशील का? तिकीट पुढे ढकलता येतं." जावईबापूंनी ताटातून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. बाईंचा घास हातातच राहिला. मला वाटले, आता त्या स्पष्ट सांगतील. गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावणारी बाई! पण त्या म्हणाल्या, "राहीन की. मला तिकडे कसली घाई आहे?"

त्या रात्री मालकांनी फोनवर "राहा की, माझं काही अडत नाही" म्हटले आणि उरलीसुरली वाटही बंद झाली.

पण मित्रांनो, बाईंनी बॅग काही रिकामी केली नाही. जणू त्या बॅगेतच त्यांचे घर होते. दुपारी त्या तिला बाहेर काढत, वजन बघत आणि परत खाटेखाली सारत. तिकडच्या थंडीने त्यांचा खांदा धरला होता, म्हणून त्या मला कपाटातल्या दांडीला अडकवून खाली बॅग टांगू लागल्या. एकदा अशीच बॅग टांगली आणि चिमी रडत उठली. तेवढ्यात लेक कामावरून लवकर घरी आली. बाईंनी घाईघाईने कपाट लावून घेतले. त्यानंतर लेक त्या खोलीतून हलेचना.

मी अंधारात तसाच लटकून राहिलो. मालकांच्या दुकानात सर्वांत जड गठ्ठासुद्धा क्षणभरच माझ्या वाट्याला यायचा. इथे संध्याकाळ झाली, दिवे मालवले गेले, तरी बॅग निघेना. माझी स्प्रिंग कुरकुरू लागली. मला तपासनिसाची ती पेटी आठवली. खरे सांगतो, मी फार घाबरलो. बाहेर बाईही कूस बदलत होत्या. दोघांचाही जीव टांगणीला लागला होता, माझा तर शब्दशः.

सकाळी लेकीने चिमीची शाल शोधायला कपाट उघडले आणि ती बघतच राहिली. मग तिने बॅगेची चेन सरकवली. घड्या घातलेल्या साड्या, औषधे, चिमीला लहान झालेले टोपडे, आणि सगळ्यांत वर प्रवासात नेसायची साडी. तिने बॅग उतरवली. माझा जीव भांड्यात पडला. पण सुई शून्याच्या अलीकडेच अडली.

"आई, ही बॅग कधी भरलीस?" लेकीने विचारले.

"वजन बघत होते नुसतं," बाई दारातूनच म्हणाल्या.

"तीन महिने आधीच?"

बाई खाटेवर बसल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मला घरी जायचंय गं. तुझ्यावर रागावून नाही. चिमीला सोडून पाय निघणार नाही, तेही खरं. पण मला माझ्या घरी जायचंय."

लेक त्यांच्याशेजारी बसली. "मग राहते कशाला म्हणालीस?"

"तू थांब म्हणालीस म्हणून."

"मी म्हणाले, कारण तू रोज तिला मांडीवर घेऊन म्हणतेस, 'मी गेल्यावर तुझं कसं होणार?' मला वाटलं, तुलाच जाववत नाहीये. पाळणाघरात जागा मिळालीय, आई. मीच त्यांना थांबवून ठेवलंय. आता एकदा माझं मला जमतंय का ते बघायचंय. पण हे तुला सांगू कसं?"

बाईंनी क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिले. "म्हणजे मी तुला नकोशी झाले होते?"

"आणि मी तुला?"

यावर दोघींना आधी हसू आले आणि मग रडू. मी तिथेच गादीवर पडलो होतो. इतक्या वर्षांत कोणाचे एवढे ओझे एका दमात उतरलेले मी पाहिले नव्हते. जावईबापूंना कळले तेव्हा उघड झाले की त्यांनी तिकीट बदललेलेच नव्हते. "राहून गेलं," म्हणाले. ते आळशी होते की शहाणे, हे मला अजून उमगलेले नाही. त्या दिवशी त्यांनी भात मात्र दुसऱ्यांदा मागून घेतला.

उरलेले दिवस कसे भुर्रकन गेले! बाई गुणगुणू लागल्या. शेजारणीला त्यांनी चिमीला तेल कसे लावायचे ते हातवाऱ्यांनी शिकवले. मालकांना तारीख सांगितली. ते नुसते "बरं" म्हणाले आणि तीच तारीख त्याच फोनवर तीनदा विचारून घेतली.

विमानतळावर मात्र गंमत झाली. बॅग जास्त भरली. बाई मानायला तयार होईनात. घरी त्यांनी सुईची चूक वजा करून स्वतः वजन केले होते. मग लेकीच्या ध्यानात आले. वजन करून झाल्यावर त्यांनी मलाच बॅगेत टाकले होते! मी जन्मभर जगाचे वजन केले, माझे कोणी धरलेच नव्हते. लेक म्हणाली, "हा ठेव माझ्याकडे." बाईंनी मला हातात घेतले. माझी सुई अजून शून्यावर आली नव्हती.

"नको," त्या म्हणाल्या. "हाही दमलाय. घरी नेते याला." आणि त्यांनी बॅगेतला जाड स्वेटर काढून अंगात चढवला.

त्या स्वेटरसकट, घामाने निथळत, बाई घरी पोहोचल्या. मालकांनी दार उघडले. "केवढी वाळलीस," ते म्हणाले. "तुम्ही कुठे बाळसं धरलंय?" बाई म्हणाल्या, स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि हुश्श केले. लगेच रद्दी नीट रचली नाही म्हणून भांडणही सुरू झाले. दोघेही भारी खुशीत होते.

मालकांनी छोट्या पेचकसाने माझा स्क्रू फिरवून मला ताळ्यावर आणले. मी माझ्या खिळ्यावर परतलो आहे. मित्रांनो, एवढेच मागणे आहे. माझ्यासारख्या कोणाला वजन लावाल, तर ते वेळेवर काढून घ्या. हुकाला कॅलेंडरे अडकवू नका. आणि घरातले कोणी हसून 'मला काय, मी मजेत' म्हणाले, तर त्यांची बॅग एकदा उचलून बघा.

काल लेकीचा फोन आला होता. चिमी पाळणाघरात थोडी रडली आणि मग रमली. पुढच्या वर्षी येशील का, असे तिने विचारले. बाईंनी दाराआड माझ्याकडे पाहिले. "येईन की," त्या म्हणाल्या. "पण परत कधी जाणार, ते मी सांगेन."

कॅलेंडरे आता दुसऱ्या खिळ्यावर आहेत. माझ्या हुकाला काही नाही आणि माझी सुई शून्यावर आहे.