फुलीच्या वर

माणसांना नाक नसतं.

कापडावरची खडूची रेघ पुसट, पण सरळ.

अप्पांनी चाळिसाव्या वर्षी डोळ्यांपायी सुई खाली ठेवली ती ठेवलीच.

घड्या घालायचं टेबल कारखान्याच्या दाराशी, जिथे येणारा-जाणारा कीव करतो.

"हनुवटी इथे टेका."

कटरबाईने हनुवटी टेकली. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती कापड कापायची, म्हणून कटरबाई. डोळ्याच्या पडद्यावर ऐन मध्यभागी तिला डाग होता, वडिलांकडून, अप्पांकडून आलेला. समोरच्याचं तोंड बघायला जावं तर कान दिसायचे आणि नाक गायब. कारखान्याने चिठ्ठी देऊन पाठवलं होतं: नजर स्थिर असल्याचा दाखला आणा, नाहीतर उद्यापासून घड्या घाला.

"आत लाल फुली दिसेल," तपासनीस बाई म्हणाल्या. "नजर तिच्यावरच ठेवायची. आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं."

यंत्र गुरगुरलं.

"वर नका बघू, ताई. फुलीकडे बघा."

"फुलीकडेच बघतेय."

"डोळा वर गेलाय तुमचा, मला इथे दिसतोय ना! सरळ बघा."

कटरबाईने मुकाट्याने ऐकलं. सरळ बघितलं आणि फुली गेली. तिला हुडकत डोळा सैरावैरा धावला. बटणावरचं बोट नुसतंच घामेजलं.

छापील कागद आला. सोबत आलेल्या, दारात उभ्या असलेल्या तिच्या भावाने, दादाने, तो वाचून दाखवला. "'नजर अस्थिर. मध्यभागी काही दिसत नाही.' जाऊ दे गं. खूप केलंस, आता घरी बस."

"तुझे दोन्ही डोळे धड, तरी शर्टाची बटणं वरखाली. तूच बस घरी."

दादाने मान खाली घालून बघितलं. बटणं खरंच वरखाली होती.

कटरबाई स्टुलावर परत जाऊन बसली. "पुन्हा करा."

"ताई, बाहेर सात माणसं खोळंबलीत."

"त्यांनाही आत घ्या, बघू दे. एकदा तुमच्या पद्धतीने झालं, आता माझ्या. मी वर बघणार आणि तुम्ही गप्प बसायचं. सरळ बघितलं की मला फुलीच दिसत नाही. वर बघितलं की दिसते."

"असं नाही चालत. वीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगते, सरळ बघा."

"मग वीस वर्षांत किती जणांची फुली घालवलीत?"

आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून डॉक्टरीणबाई आल्या, दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "करा पुन्हा. काही बोलू नका."

यंत्र परत गुरगुरलं. बटण टकटक वाजत राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तपासण्यांची चित्रं शेजारी-शेजारी लावली. राखाडी पडदा, मध्ये काळा डाग, आणि नजर जिथे जिथे टेकली तिथे निळे ठिपके. पहिल्या चित्रात ते टाचण्यांची डबी उधळल्यासारखे. दुसऱ्यात डागाच्या वर, चिमटीत मावतील इतके जवळ.

"ही जागा कोणी शिकवली तुम्हाला?"

"कापडाने."

"डाग वाढणार आहे. ते मी लपवणार नाही."

"वाढू दे. मी आणखी वर बघेन."

डॉक्टरीणबाईंनी दाखल्यावर लिहिलं: 'नजर स्थिर, डागाच्या वरून. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणे.' दादाने मोठ्याने वाचलं. तो दुसऱ्यांदा वाचायला लागला, तशी कटरबाईने कागद त्याच्या हातातून ओढून घेतला.

तपासनीस बाईंनी माफीबिफी मागितली नाही. त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं, हनुवटी टेकवली आणि घसा खाकरला.

"फुली जिथून दिसते, तिथून बघा."

त्या सकाळी, दवाखान्यात यायच्या आधी, कटरबाईने चोपन्न कॉलर कापल्या होत्या.