सहाव्या पाटीपाशी

दगडावर दगड नेमका बसला की 'टक्क' असा एक गोलसर, तृप्त नाद होतो. तो नाद ऐकला की मला मालूमावशी आठवते. हॅनोव्हरच्या राखाडी दुपारी तिच्या हातून तो उमटला की सहा गल्ल्यांपलीकडची ट्राम क्षणभर थबकायची आणि चर्चच्या घंटा 'आपलं काही चुकलं का' म्हणून एकमेकींकडे बघायच्या. तुमचा विश्वास नाही बसायचा. मावशीचाही बसत नसे. "फेकाड्या," ती दगडावरची नजर न हलवता म्हणायची, "तिथे घंटा एकच आहे."

ती माझ्या आईची धाकटी बहीण. पुण्याहून संशोधनासाठी जर्मनीत आली आणि इथलीच झाली, म्हणजे हिवाळ्यापुरती. उन्हाळ्यात सारं हॅनोव्हर समुद्राकडे धावे, तेव्हा ती आफ्रिकेत ग्रेट झिंबाब्वेच्या भग्नावशेषांत भिंती मोजत उभी असे. चुन्याचा एक थेंबही न वापरता, केवळ एकमेकांच्या भारावर शतकानुशतके उभ्या असलेल्या त्या ग्रॅनाइटच्या भिंती! तिथून ती परतायची तेव्हा तिच्या केसांत तांबूस धूळ असायची, बोटांची पेरं खरखरीत झालेली असायची आणि डोळ्यांत माळरानावरच्या उन्हाची एक दूरस्थ झळाळी असायची. नोव्हेंबरच्या धुक्यात ती रस्त्यावरून निघाली की पथदिवे लाजून विझत, असं मी दूर दक्षिणेला, इंगोलश्टाटला जिथे नोकरी करतो त्या कारखान्यात माझ्या सहकाऱ्यांना शपथेवर सांगितलेलं आहे.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर तिचे ते प्रवास थांबले. मग आपल्या क्लाइनगार्टनमध्ये, म्हणजे शहराच्या कडेला भाड्याने मिळणाऱ्या बागेच्या तुकड्यात, तिने ती प्राचीन नगरी पुन्हा मांडली. आजूबाजूच्या बागांत टोमॅटो, गुलाब आणि प्लास्टिकचे दाढीवाले बुटके पुतळे. मावशीच्या बागेत मात्र चंद्रकोरीसारखी वळलेली, कमरेएवढी एक भिंत. माझ्या मोजणीने तीत चाळीस हजार दगड होते, तिच्या मोजणीने नऊशे बारा. भिंतीच्या कडेने दोरीला बांधलेल्या सहा लाकडी पाट्या, त्यांवर तिचं तिरकं, कोरीव मराठी अक्षर. मार्गदर्शक नाही. "माणूस बोलायला लागला की दगड गप्प बसतात," ती म्हणायची. ज्याचं त्याने वाचत, थांबत, एकट्याने चालायचं.

पहिली पाटी म्हणे, भिंत डाव्या हाताला ठेव आणि घाई घरी ठेव. दुसरी, फटीत नखभर तरी चुना सापडतो का बघ. तिसरी पाटी होती भिंत आणि कुंपणाच्या झुडपांमधल्या चिंचोळ्या वाटेवर: इथून एका वेळी एकच माणूस जातो, मागच्यासाठी थांबू नकोस. चौथी भिंतीच्या माथ्याकडे बघायला लावी, तिथल्या नागमोडी नक्षीकडे: हिचा उपयोग शून्य, म्हणून ही कला. पाचवी तळहात टेकवायला सांगे: ऊन आहे का दगड? आणि सहावी, शेवटची: हे कोणी बांधलं, मोठ्याने सांग.

या सहाव्या पाटीपाशी माझ्या जिभेला पालवी फुटायची. दर खेपेस नवा कारागीर! कधी रुसलेले हत्ती, कधी रजेवर आलेला विश्वकर्मा. एकदा मावशीच्या पाहुण्यांसमोर मी बायबलातल्या शेबाच्या राणीला जहाजभर गवंड्यांसह उतरवलं. पाहुणे हसून लोटपोट. मावशी तेवढी हसली नाही. हातातला दगड तिने हळुवार खाली ठेवला, जणू झोपलेलं मूल.

"हीच थाप, बरं का, तिथे पिढ्यान्पिढ्या खपली. गोऱ्यांनी भिंती पाहिल्या आणि म्हणाले, हे इथल्या लोकांना जमणंच शक्य नाही. कुणी परकी राणी आली असणार. तेही तुझ्यासारखेच गोष्टीवेल्हाळ होते रे. तेंदाईमामांच्या पूर्वजांचे हात पुसून टाकले एका गोष्टीने."

तेंदाईमामा म्हणजे तिथल्या ढासळत्या भिंती सावरणारे वृद्ध गवंडी. तिला दगड बसवायला त्यांनीच शिकवलं, आणि मामा हे नातं तिने स्वतःहून जोडलं. त्या दिवशी मी राणीला मुकाट्याने परत जहाजात बसवलं.

या फेब्रुवारीत मावशी गेली. बागांचा नियम सरळ आहे: नव्या भाडेकरूला जे नको, ते जुन्याच्या वारसाने उपसून न्यायचं. मे महिन्यात बागसंघाचे अध्यक्ष मोजपट्टी घेऊन आले, सोबत रबरी बूट घातलेली एक तरुणी, नवी भाडेकरू अंके. तिला बटाटे लावायचे होते. भिंत नको असेल तर दोन आठवड्यांत मोकळी जागा हवी, असं अध्यक्षांनी मला बजावलं. मी काय रिकाम्या हाताने आलो होतो? रोमन सम्राटाच्या स्नानगृहातले दगड, हलवणाऱ्याच्या पिकाला सात वर्षं कीड, अशी घसघशीत थाप रेल्वेच्या चार तासांत घोळवून आणली होती.

अंके पाटीमागून पाटी चालत गेली, मी अर्थ सांगत गेलो. चिंचोळ्या वाटेत ती पुढे, मी मागे, आणि माझ्या मागे कुणीच नाही. सहाव्या पाटीपाशी ती वळली. "मग? कोणी बांधलं?"

सम्राट जिभेच्या टोकावर उभा होता. पण माझा तळहात अजून पाचव्या पाटीच्या दगडावर होता, आणि दगड ऊन होता.

"माझ्या मावशीने," मी म्हणालो. "मालू तिचं नाव. तिला तेंदाई नावाच्या गवंड्यांनी शिकवलं. मूळच्या भिंती त्यांच्या पूर्वजांनी बांधल्या. बस, एवढंच."

आयुष्यात इतकी छोटी गोष्ट माझ्या तोंडून कधी निघाली नव्हती. मला उघड्यावर उभं असल्यासारखं वाटलं. अंकेने माथ्यावरच्या नक्षीवरून बोट फिरवलं, पुटपुटत दोन्ही नावं एकदा घोळवून पाहिली.

"आल्झो, तर मग," ती अध्यक्षांना म्हणाली, "बटाटे भिंतीच्या अलीकडेही येतील. पाट्याही राहू देत. यांनी मला त्या जर्मनमध्ये लिहून द्याव्यात."

"गेनाऊ, अगदी बरोबर," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी मोजपट्टी गुंडाळली.

ते गेल्यावर मी कितीतरी वेळ तिथे उभा होतो. चुना नसलेल्या त्या भिंतीच्या बारीक फटींतून उतरतं ऊन आरपार येत होतं. ट्राम थबकली नाही, आणि घंटा वाजली ती एकच. काळ भिंती ठेवतो आणि बांधणाऱ्यांचे हात नेतो; मागे राहिलेल्याने त्या चिंचोळ्या वाटेने एकट्याने जावं, आणि शेवटाशी पोचल्यावर, ऐकायला कुणी नसलं तरी, ते नाव मोठ्याने घ्यावं.