पहिल्या खुर्चीवरची पाच मिनिटं

"हात सैल सोडा मास्तर. शिलाई नाही मारायची आत्ता."

सलूनवाल्या रेडिओने टेलरमास्तरांच्या दंडाभोवती रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळला आणि यंत्राचं बटण दाबलं. पट्ट्यात हवा भरायला लागली तसा त्याच्याही तोंडाला जोर चढला. "मग, जावई परत आला का राहायला? मी काय म्हणतो, मुलगी दिली म्हणजे शिलाईमशीनही दिलं का त्याला?"

"नाव काढू नका त्याचं!" मास्तर खुर्चीतच उसळले. "काल माझ्याच गादीवर लोळून मला विचारतो, बाबा, तुम्ही दुकान बंद कधी करताय?"

यंत्र टुकटुकलं. "एकशे अठ्ठ्याहत्तर!" लिलावाची बोली पुकारावी तसं रेडिओने जाहीर केलं. बाकावरच्या गिऱ्हाइकांनी एका सुरात 'अरे बापरे' केलं. दुसऱ्या खुर्चीपाशी उभ्या असलेल्या थोरल्या भावाने, दादाने, मात्र मान वर केली नाही. त्याचा वस्तरा समोरच्या गालावरून सावकाश खाली येत राहिला.

बाकाच्या टोकाला एक मुलगी जुन्या मासिकाआड तोंड लपवून बसली होती. तिने मासिक मिटलं.

"काका, तुम्ही रोज असंच मोजता?"

रेडिओने तिला आत्ता ओळखलं. ही ताई होती. हे यंत्र त्याच्या हवाली करणारी, कसं वापरायचं ते शिकवणारी संशोधनवाली ताई. आज न सांगता येऊन बसली होती.

"असंच म्हणजे... मन लावून मोजतो."

"ते दिसलं मला. तुमच्या दुकानातले आकडे सगळ्या दुकानांपेक्षा जास्त येतात. आमच्याकडे सगळे कोड्यात पडले होते, या एका गल्लीला झालंय काय? तुमच्याच गिऱ्हाइकांना दवाखान्यात बोलावून मोजलं, तर बऱ्याच जणांचं खाली आलं. का ते आज कळलं." तिने मास्तरांच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं. "काका, जावयाचा विषय काढलात तर माझंही प्रेशर वाढेल. आणि माझं तर लग्नसुद्धा झालेलं नाही."

सगळं दुकान हसलं. रेडिओही हसला, पण त्याचं हसू ओठांवरच अडकलं.

या माणसाला रेडिओ हे नाव कुणी दिलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण चुकीचं दिलं असं कुणी म्हटलं नसतं. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की त्याची जीभ सुरू व्हायची, ती शटर खाली येईपर्यंत. त्याची बायको म्हणायची, "घरी येतात ते नुसते श्वास घ्यायला." आणि त्याचा थोरला भाऊ, ज्याला सगळा मोहल्ला दादा म्हणायचा, तो दिवसभरात मोजून बोलावं तेवढंच बोलायचा. त्याचं तोंड उघडायचं ते बहुधा पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारायला. दुकान एक, खुर्च्या दोन आणि समोर भिंतभर आरसा. दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचे तेही आरशातूनच.

दाराजवळची पहिली खुर्ची त्यांच्या वडिलांची. खरं तर ती थोरल्याकडे जायला हवी होती. पण एका भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता वडील त्या खुर्चीपाशी कोसळले होते. हातातली पितळी वाटी खाली पडली आणि फरशीचा टवका उडाला. अर्धं अंग गेलं ते गेलंच, आणि पुढे काही वर्षं ते घरात खाटेवर छताकडे बघत राहिले. दादा तेव्हा शेजारीच उभा होता. त्याने पहिली खुर्ची धाकट्याला दिली आणि त्यानंतर त्या फुटक्या फरशीवर कधी पाय ठेवला नाही. पाणी आणायला, कपडा घ्यायला जाताना तो इतक्या सफाईने वळसा घालायचा की नव्या माणसाला वाटावं, तिथे कुणीतरी झोपलंय.

वडील ज्या वयात पडले, त्या वयाला दादा आता येऊन पोचला होता. सकाळी उठल्यावर त्याचं डोकं मागून जड व्हायचं. वहिनीने हे रेडिओला कानात सांगितलं होतं.

म्हणून तर रेडिओने संशोधनाला होकार दिला होता. ताईचा अभ्यास साधा होता. रक्तदाब हा न दुखणारा, न दिसणारा, आणि एकदा आला की जन्माची सोबत करणारा पाहुणा. पुरुषमाणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत, पण केस कापायला येतातच. मग काही दुकानांत भिंतीवर नुसतं माहितीचं पत्रक लावायचं, आणि काही दुकानांत केस कापणाऱ्यानेच दाब मोजायचा आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरने दुकानातच येऊन औषध द्यायचं. वर्षाने बघायचं, कुठल्या दुकानातल्या लोकांचं भलं झालं. रेडिओचा हिशेब त्याहून साधा होता. यंत्र रोज डोळ्यांसमोर राहिलं, तर दादा कधीतरी हात पुढे करेल.

दादाने केला नाही. रेडिओने विनोद करून पाहिले, मिनतवाऱ्या केल्या, वडिलांची आठवण काढली, एकदा तर रडूनही पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दादाचं एकच उत्तर, "झोपलेल्याला उठवू नये."

आणि आता ताई सांगत होती, "आमचे मोठे सर म्हणतात हे दुकान अभ्यासातून काढा. चुकीचे आकडे काय कामाचे? मी यंत्र न्यायलाच आले होते."

रेडिओने यंत्रावर तळहात ठेवला. "एक संधी द्या, ताई. काय चुकलं ते सांगा."

"मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. आणि बोलायचं नाही. त्यांनीही नाही आणि तुम्हीही नाही."

"मीही नाही?"

"तुम्ही तर अजिबात नाही."

बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ताई, यंत्र घेऊनच जा. याला पाच मिनिटं गप्प बसवायचं म्हणजे त्याचाच जीव जायचा."

ताईने यंत्र ठेवलं. आणि रेडिओच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड धंदा सुरू झाला.

पहिल्या दिवशी तो मिनिटभर गप्प बसला आणि म्हणाला, "बघा, बसलो की नाही गप्प!" पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी त्याने टॉवेलचं टोक दातांत धरलं. मग नुसतं आरशाकडे पाहायचं ठरवलं, तर आरशात गिऱ्हाइकाच्या कानावरचे केस दिसले आणि त्याबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखं इतकं होतं की त्याला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. लोक मुद्दाम बघायला यायला लागले. "आज रेडिओला बॅटरी नाही वाटतं?" रेडिओ डोळे वटारायचा, पण ओठ उघडायचा नाही.

हळूहळू जमलं. खुर्ची खाली घ्यायची, पाय टेकवायचे, पट्टा बांधायचा, आणि गप्प. पाच मिनिटांत पंख्याचा आवाज ऐकू यायचा. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटा ऐकू यायची. इतकी वर्षं तो याच दुकानात होता आणि पंखा कुरकुरतो हे त्याला माहीत नव्हतं.

आणखी एक गंमत झाली. पट्टा सुटला की माणसं स्वतःहून बोलायला लागली. टेलरमास्तर म्हणाले, "खरं सांगू? बरं वाटलं म्हणून मी गोळ्या बंद केल्या होत्या. तुम्ही एवढं बोलायचात की सांगायला फटच सापडायची नाही." रिक्षावाल्याने सांगितलं की गोळीने चक्कर येते म्हणून तो एक दिवसाआड घेतो. रेडिओने सगळं ऐकून घेतलं आणि त्या आठवड्याला डॉक्टर आले तेव्हा त्यांना सांगितलं. मास्तरांच्या गोळ्या सुरू झाल्या, रिक्षावाल्याची गोळी बदलली. आकडे उतरायला लागले. या वेळी खरे.

दादा हे सगळं आरशातून बघत होता. रेडिओने त्याला म्हणणं सोडून दिलं होतं. रागाने नाही. गप्प बसायची सवय लागली की माणसाला कळायला लागतं, कुठलं बोलणं दुसऱ्यासाठी असतं आणि कुठलं आपल्याच भीतीसाठी.

केस कापणाऱ्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. सुट्टीच्या आदल्या दुपारी, गिऱ्हाईक ओसरलं की दोघे भाऊ एकमेकांची डोकी आणि दाढ्या करायचे. ही वडिलांच्या वेळेपासूनची रीत. दादा आपल्या खुर्चीत बसायचा आणि रेडिओ तिकडे जायचा.

त्या दुपारी रेडिओ दादाच्या गळ्याभोवती कापड बांधून मुकाट्याने कैची चालवत होता. दादा त्याच्या बडबडीची वाट बघत होता. मान झाली, कानांच्या मागचं झालं, फेस लावून झाला. रेडिओ बोलला नाही.

"काय रे," शेवटी दादा आरशाला म्हणाला, "आजारी आहेस का?"

"नाही."

"मग बोलत का नाहीस?"

"वस्तरा चालू आहे, दादा."

"आजवर कधी वस्तऱ्याने तोंड धरलंय तुझं? मनातल्या मनात बोलतोयस तू. मला ऐकू येतंय."

रेडिओने दुसरा गाल साफ केला, तुरटी फिरवली, तोंड पुसलं. दादा आरशातल्या आपल्या चेहऱ्याकडे बघत राहिला. वडिलांचंच कपाळ, वडिलांच्याच भुवया. मग तो उठला. गळ्याचं कापड तसंच ठेवून दोन पावलं चालला आणि पहिल्या खुर्चीत जाऊन बसला. कापडाखालून त्याचा हात बाहेर आला.

"बांध."

रेडिओ पट्टा घेऊन आला. त्याने खुर्ची खाली घेतली, पट्टा बांधला. दादाचा उजवा पाय जमिनीवर होता. डावा पाय फुटक्या फरशीच्या वर, हवेतच थांबला होता. पाय टेकव, असं म्हणायची वेळ होती. रेडिओ बोलला नाही. तो खाली बसला, भावाचा पाय हातात घेतला आणि हळूच त्या फरशीवर ठेवला. आणि हात तसाच ठेवून बसून राहिला.

पाच मिनिटं पंखा कुरकुरला.

आकडा आला तो रेडिओने दोनदा वाचला. थोडं थांबून पुन्हा मोजलं. तेच.

"किती?"

रेडिओने आयुष्यभर प्रत्येक गोष्ट फुगवून सांगितली होती. आज त्याने होती तेवढीच सांगितली. "वरचं एकशे शहाण्णव. खालचं एकशे चौदा. आत्ताच डॉक्टरकडे जायचं, दादा."

दादाने डोळे मिटले. मग म्हणाला, "बाबांचं किती असेल?"

"कुणी मोजलंच नव्हतं."

दादाने मान हलवली. मग उठला, गळ्याचं कापड सोडून नीट घडी घातली. "चल," तो म्हणाला. "आपलं मोजलंय ना?"

त्या दिवशी दुकान दिवसाउजेडी बंद झालं. वडील पडले त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. दोघे भाऊ दवाखान्यापर्यंत चालत गेले, वाटेत एकमेकांकडे थेट बघत. आरसा नव्हता म्हणून थोडं अवघडले होते एवढंच.

पुढचं वर्ष सोपं गेलं असं कुणी म्हणू नये. दादाने मीठ कमी केलं आणि पंधरवडाभर वहिनीशी अबोला धरला, जणू मीठ तिनेच पळवलं होतं. तंबाखू सुटता सुटेना. गोळी चालू झाली, वाढली, बदलली. पण आठवड्यातून एकदा तो पहिल्या खुर्चीत बसायचा, न सांगता पाय टेकवायचा, आणि आकडा पायरी पायरीने उतरत आला. सकाळचं डोकं हलकं झालं. वहिनीने हेही रेडिओला कानात सांगितलं, पण या वेळी हसत.

वर्ष संपलं तेव्हा ताई मोठ्या सरांना घेऊन आली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. टेलरमास्तर जावयाला घेऊन आले होते, तोही आता दर महिन्याला मोजून घ्यायचा.

"निकाल लागला," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच आवरत नव्हता. "नुसतं पत्रक लावलं होतं तिथे थोडा फरक पडला. पण जिथे दुकानातच मोजलं आणि डॉक्टर आले, तिथे दहातल्या सहा-सात जणांचं प्रेशर आटोक्यात आलं. आता आणखी गावांत हेच करणार आहेत. आणि काका, पाच मिनिटांची शिस्त सगळ्यांना शिकवायला तुम्ही यायचं!"

मोठ्या सरांनी रेडिओचा हात हातात घेतला. "मी तुमचं दुकान काढून टाकणार होतो. बरं झालं हिने ऐकलं नाही माझं." ते मनापासून म्हणत होते, ते दिसत होतं.

टाळ्या, शिट्ट्या. बाकावरून ओरडा झाला, "बोल रेडिओ! आज सगळं माफ!"

रेडिओने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. सगळा मोहल्ला बघत होता आणि त्याच्या घशातून एक अक्षर फुटेना. त्याने दादाकडे पाहिलं, आरशातून नाही, सरळ.

दादाने घसा खाकरला. "आमचे बाबा," तो म्हणाला, आणि दुकान चिडीचूप झालं, कारण दादाला भाषण करताना कुणीच पाहिलं नव्हतं. "आमचे बाबा इथे पडले. या फरशीवर. त्यांना कुणी सांगायला नव्हतं. मला सांगायला हा होता. मी कंटाळलो होतो याच्या बडबडीला. मग हा गप्प बसला, आणि मला ऐकू आलं." एवढं बोलून तो थकल्यासारखा थांबला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "पुढचं कोण?"

पुढे होते मोठे सरच. गर्दीने त्यांना ढकलत खुर्चीत बसवलं. दादाने पट्टा उचलला. रेडिओची जीभ आता कुठे सुटली होती, "सर, तुम्ही तर काय..."

दादाने आरशातून बघून ओठांवर बोट ठेवलं.

पंखा कुरकुरायला लागला. दादा फुटक्या फरशीवर दोन्ही पाय रोवून उभा होता. आणि बाकावर एकाला लागून एक बसलेल्या माणसांनी, ज्यांचा नंबर अजून यायचाच होता त्यांनीही, कुणी न सांगता पायावरचे पाय खाली घेतले होते. सगळ्यांचे तळवे जमिनीला टेकले होते.