लीकच्या वाफ्यातली बेसी

नॉर्मन हेस्लॉपला मांजरांचं काडीचं प्रेम नव्हतं. त्याचा जीव होता परसातल्या लीकवर. कांद्याच्या जातीची ही भाजी त्या खाणवाल्यांच्या गावात कुणी खाण्यासाठी लावत नसे, सप्टेंबरातल्या क्लबच्या प्रदर्शनात स्पर्धेला मांडायला लावत असे. खायची ती प्रदर्शन झाल्यावर. नॉर्मनची रोपं बापाच्या बियाण्याची होती. वाफ्यातली माती साठ वर्षं, आधी बापाने आणि मग त्याने, हाताने चाळलेली. वर पावसापासून काचेचं छप्पर. त्या वाफ्यात नॉर्मन स्वतःचंसुद्धा पाऊल पडू देत नसे.

आणि आता या माणसावर बायकोच्या मांजरीला बाहेर शी-शू करायला शिकवायची वेळ आली होती.

ऑड्री पाच आठवडे हॉस्पिटलात होती. फुप्फुसं पार कामातून गेली होती. घरी सोडायचं तर ऑक्सिजनचं यंत्र आणि पलंग खालच्या खोलीत, जिन्याशी ठेवायला हवा, आणि तिथेच तर बेसीची, म्हणजे त्या मांजरीची, शी-शूची खड्यांची पेटी. बेसीने त्यातले खडे उकरले की पांढरी धूळ घरभर व्हायची. नर्सबाईंनी साफ सांगितलं, "पेटी घरात चालायची नाही. मांजर बाहेर जायला शिकलं तर उत्तम, नाहीतर दुसऱ्या कुणाला देऊन टाका." दहा दिवस हातात होते.

नॉर्मनने हे ऑड्रीला सांगितलं तेव्हा तिने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"तिला देऊन टाकणार असशील तर मलाही नेऊ नकोस."

"अगं, असं काय बोलतेस?"

"जीनला शब्द दिलाय मी," ती म्हणाली आणि धाप लागली म्हणून गप्प झाली. बेसी तिच्या बहिणीची, जीनची मांजर. जीन गेली तेव्हा ही तिच्या उशाशी बसून होती. जीनच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात वाढलेली, नऊ वर्षांत मातीला पंजा न लागलेली.

नॉर्मन कामाला लागला. पहिल्या दिवशी पेटी जिन्याखालून काढून स्वयंपाकघरात नेली, दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी. खड्यांत रोज मूठ मूठ माती मिसळली. पाचव्या दिवशी पेटी उंबऱ्याबाहेर गेली. दाराला मांजरापुरती झडप बसवली आणि झडप उघडते कशी हे दाखवायला एकोणसत्तराव्या वर्षी हा माणूस गुडघ्यांवर बसून तीत डोकं घालत होता. कुंपणाजवळच्या कोपऱ्यात खड्डा खणून त्यात पेटीतले वापरलेले खडे पुरले. आपला वास आला की मांजर आपणहून तिथे जातं, असं त्याला सांगण्यात आलं होतं.

कुंपणापलीकडून विल्फ डॉड्स बघत होता. तोही लीकवाला, तीस वर्षांपासूनचा शेजारी आणि तेव्हापासूनचाच प्रतिस्पर्धी.

"काय रे हेस्लॉप, जन्मभर कोळसा काढलास, आता हे काढतोयस होय?"

"तोंड बंद ठेव, विल्फ."

कोपऱ्यातली माती म्हणजे चिकट गाळ आणि विटांचे तुकडे. नॉर्मनने मांजरीला दिली ती उरलीसुरली जागा, जिथे कधी काही उगवलं नाही ती. बेसीने ती एकदा हुंगली, पंजा झटकला आणि तडक जाऊन लीकच्या वाफ्याच्या रिकाम्या टोकाला बसली. मऊ, कोरडी, साठ वर्षं चाळलेली माती. तिने ती नीट उकरली, काम उरकलं आणि तितक्याच नीटपणे झाकून टाकलं.

नॉर्मनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने ती जागा फावडंभर खोल खरवडून फेकून दिली आणि सगळ्या वाफ्यावर जाळी ठोकली. कोपऱ्यातली माती चाळायला घेतली, तर रात्रीच्या पावसाने तिचा सकाळी पुन्हा चिखल झालेला. बेसी बाहेर जाईना. दीड दिवस तिने धरून ठेवलं, कण्हत घरभर फिरली आणि शेवटी ऑड्रीच्या नव्या पलंगावर, धुतलेल्या चादरीवर, तिचा नाइलाज झाला. मग पलंगाखाली जाऊन अंग चोरून बसली.

तो ओरडायला म्हणून वाकला, पण तिचे डोळे बघून त्याला ओरडवलं नाही. चादर भिजत घातली आणि तो वाफ्याशी जाऊन उभा राहिला. रिकाम्या टोकाची मऊ माती तर त्यानेच खरवडून फेकलेली, आणि जाळी काढली तर लीक उकरली जाणार. लीक ठेवायची तर जाळी हवी. परवा शुक्रवार, ऑड्री घरी यायचा दिवस.

त्याला ऑड्रीचं एक जुनं बोलणं आठवलं. कुठल्याशा हिवाळ्यात तो चाळणी घेऊन बसला होता आणि ती चहा घेऊन आली होती. "माझ्यासाठी एवढं कधी केलंस का रे?" असं हसत म्हणाली होती. तेव्हा त्याने मान वर करूनही पाहिलं नव्हतं. आज त्याची त्याला लाज वाटली.

त्याने जाळी काढली आणि पहिली लीक बुंध्याशी धरून उपटली.

"अरे, वेडबीड लागलं का तुला?" विल्फ कुंपणाला लटकून ओरडला. "पाच आठवडे राहिलेत! यंदा तूच जिंकणार होतास, मेल्या! तुझा बाप बघत असता तर..."

"बाप गेला, विल्फ. ऑड्री परवा येतेय."

विल्फ कुंपणावरून उतरला. थोड्या वेळाने त्याने उपटलेली लीक ठेवायला वरून एक रिकामं खोकं खाली सोडलं. बियाण्यासाठी नॉर्मनने दोन रोपं वेगळी काढली आणि ती त्याच्या हातात दिली. "तुझ्याकडे लाव." आजवर त्या बियाण्यातला एक दाणाही हेस्लॉपांच्या कुंपणाबाहेर गेला नव्हता. विल्फने टोपी काढून ती रोपं घेतली.

शुक्रवारी दुपारी ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी ऑड्रीला खुर्चीतून आत आणलं. उंबऱ्यातच तिने त्यांना हाताने थांबवलं. घरभर लीकच्या सूपचा वास होता. तिचा चेहरा पडला.

"प्रदर्शन होऊन गेलं? इतके दिवस होते मी तिकडे?"

"नाही गं. ऑगस्टच आहे."

"मग सूप कसलं?"

नॉर्मनने तिची खुर्ची मागच्या खिडकीशी नेली. काचेच्या छपराखाली वाफा सपाट, मोकळा होता. मधोमध बेसी माती उकरत होती, मन लावून, आपल्याच घरात असल्यासारखी. मग तिने पाठ वळवली आणि सगळं झाकून टाकलं.

ऑड्री बराच वेळ बघत राहिली. तिने मास्क काढला, नॉर्मनचा हात धरला. त्याच्या नखांत अजून ती काळी माती होती.

"नॉर्मन," ती म्हणाली, "दोन वाट्या वाढ. आणि बस माझ्याजवळ."