धप्पा

त्या सकाळी शेतावर शेजारच्या आजोबांचं आणि त्यांच्या सुनेचं पुन्हा वाजलं. आमचा बांध एकच, त्यामुळे कान दिला नाही तरी सगळं ऐकू येतं. आणि खरं सांगायचं तर मी कान देतोच.

"गेल्या खेपेला बेडूक दाखवायला पोरीला विहिरीच्या काठावर नेलंत," सून म्हणत होती. "आज घरात दुसरं कोणी नाही म्हणून ठेवतेय तुमच्याकडे. जरा काही झालं, तर पुन्हा तुमच्या हाती देणार नाही. सांगून ठेवते, बाबा."

"अगं, तुझ्या नवऱ्याला काय शेजाऱ्यांनी वाढवलं?"

"आईंनी वाढवलं. तुम्ही बैलांच्या मागे होतात."

सून तणतणत घरी पाणी आणायला गेली.

नात पाच वर्षांची. एका जागी बूड टेकत नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणतात. पोटच्या पोराशी धड दोन शब्द न बोललेला हा माणूस तिच्यापुढे लोण्यासारखा मऊ होतो. दोघांचा खेळ लपाछपी, आणि लबाडी शिकवणारे आजोबाच. "कोणी कितीही हाका मारू दे, ओ द्यायची नाही. मी हरलो म्हणालो तरी बाहेर यायचं नाही. मी पाठ फिरवली की मागून यायचं, आणि धप्पा!"

राज्य आजोबांवर होतं. झाडाकडे तोंड करून ते आकडे म्हणू लागले आणि पोरगी मक्यात शिरली. मका माणूसभर उंच, कापणीला आलेला. यंत्र यायचं होतं दुपारी. पण पलीकडच्या रानात ओल निघाली म्हणून ड्रायव्हर आधी इकडेच आला, आणि खालच्या अंगानं त्यानं यंत्र मक्यात घातलंसुद्धा.

आवाज ऐकताच आजोबांनी झाड सोडलं. ढेकळं तुडवत ते अनवाणीच सुटले. "थांब! अरे थांब, मेल्या! पोर आहे आत!"

मीही धावलो. यंत्र थांबलं, पण तोवर चार ओळी आडव्या झाल्या होत्या. त्या चुऱ्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

"मला कुणी दिसलं नाही हो," ड्रायव्हर म्हणाला.

आरडाओरडा ऐकून सून कळशी टाकून धावत आली. "भिंगरे! ए भिंगरे! कुठं आहेस गं?"

मक्यातून हूं नाही की चूं नाही. ती तशीच आत घुसायला निघाली, तर आजोबांनी तिचा हात धरला.

"आत जाऊ नकोस. सगळे शोधतायत म्हटल्यावर ती आणखी आत जाईल."

"आणि ओ का देत नाही ती?"

"मीच शिकवलंय तसं."

सुनेनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. "बाबा, ती त्या चुऱ्यात असली तर?"

ड्रायव्हरला आजोबांनी कापलेल्या ओळींकडे पाठवलं, आम्हाला दोघांना गप्प राहायला सांगितलं आणि मक्याकडे पाठ करून बांधावर बसले. "सोळा, सतरा..." ते खेळाचे सुटलेले आकडे पुढे म्हणू लागले. सुनेनं पदर तोंडात कोंबला होता. ड्रायव्हर खाली वाकून पानं बाजूला सारत होता, आणि तो काही उचलतोय की काय या धास्तीनं माझा जीव टांगणीला लागला होता. आजोबांनी मात्र एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मला ते जमलं नसतं.

मका सळसळला. मातीनं माखलेले दोन हात त्यांच्या पाठीवर आपटले.

"धप्पा! आईनं हाक मारली तरी मी ओ दिली नाही!"

आजोबा हसायला गेले आणि हमसून रडू लागले. सुनेनं पोरीला छातीशी घट्ट आवळलं, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा आवळलं. तिला कडेवर घेऊन ती तरातरा घराकडे निघाली. मी मनात म्हटलं, संपलं. म्हातारा आता नातीला मुकला.

चार पावलं गेली आणि सून थांबली. आजोबा बांधावरून उठले नव्हते.

"उद्या अंगणातच खेळायचं," ती मागं न बघता म्हणाली. "आणि लपायचं तुम्ही."